हांगझोऊची शेवटची संध्याकाळ

(दृश्य: आष्टी तालुका, बीड. पहाटेचा डांबरी रस्ता.)

साडेपाच वाजलेत. मोबाईलच्या उजेडात पोरं पळतायत. एकाच्या बुटाचा तळ उचकटलाय, वरून चिकटपट्टी गुंडाळलीय. पोलीस भरतीच्या १६०० मीटरची ही तयारी. इकडं पळायचं ते भरतीसाठी.

धावपटू अविनाश साबळेही याच तालुक्यातला, मांडव्याचा. आई-वडील वीटभट्टीवर कामाला, शाळा सहा किलोमीटरवर. बारावीनंतर तो फौजेत गेला, सियाचीनला राहिला. शर्यती सुरू झाल्या त्या फौजेतच.

आष्टीला रेल्वे आली सप्टेंबर २०२२ मध्ये. त्याच्या दीडेक महिना आधी या गड्यानं बर्मिंगहॅमला राष्ट्रकुल स्पर्धेत स्टीपलचेसचं, म्हणजे ३००० मीटरच्या अडथळा शर्यतीचं, रौप्य जिंकलं होतं. सोनं हुकलं ०.०५ सेकंदानं.

पण सांगायचंय ते चीनमधल्या हांगझोऊचं. ४ ऑक्टोबर २०२३. आशियाई स्पर्धेतली ट्रॅकवरची शेवटची संध्याकाळ.

ऑगस्टमध्ये बुडापेस्टच्या जागतिक स्पर्धेत अविनाश पहिल्याच फेरीत बाद झाला होता. फार लागलं होतं ते आम्हाला. मग १ ऑक्टोबरला स्टीपलचेस: २८ अडथळे, पाण्यावरच्या ७ उड्या, वेळ ८:१९.५० आणि सुवर्ण. या शर्यतीत आशियाई सुवर्ण जिंकणारा तो पहिला भारतीय पुरुष. तिथंच थांबला असता तरी कुणी नाव ठेवलं नसतं.

तीन दिवसांनी तो ५००० मीटरला उभा राहिला. साडेबारा फेऱ्या. बहरीनचा बिरहानू बालेव पुढं निघाला तो हाती लागलाच नाही. पण त्याच्या पाठोपाठ, बहरीनच्याच दुसऱ्या धावपटूला मागं टाकून, अविनाश आला. १३:२१.०९. रौप्य.

त्या संध्याकाळी भालाफेकीत किशोर जेनानं ८६.७७ मीटर फेक करून चक्क नीरज चोप्राला मागं टाकलं होतं. नीरजनं ८८.८८ नं सोनं राखलं, जेना ८७.५४ वर दुसरा. रिलेच्या पोरांनी ४ गुणिले ४०० मध्ये १९६२ नंतरचं पहिलं सोनं आणलं.

मला मात्र ते ५००० चं रौप्य सोन्याहून जवळचं वाटतं. स्टीपलचेसमध्ये सगळे त्याच्याकडं आस लावून होते. हे त्यानं कुणी न मागता, दमल्या पायांनी दिलं.

(दृश्य: परत तोच रस्ता. आता उजाडलंय.)

मैलाच्या दगडापाशी थोरला पोरगा मोबाईलवर वेळ लावून उभा आहे.

"पाच वीस! अजून दहा सेकंद काढ, भाऊ."

धाकटा गुडघ्यांवर हात टेकून दम खातो. सुटलेली चिकटपट्टी दाबून बसवतो, आणि सुरुवातीच्या खुणेकडं चालू लागतो.