आत हातोडा, बाहेर ठोकळा

टक, टक, टक. हातोडा हलका आहे आणि ठोके त्याहून हलके. होडीच्या पोटात गुडघे दुमडून बसलेलं माणूस तांब्याच्या खिळ्याचं टोक चपटं करत आहे. बाहेर दुसरं माणूस त्याच खिळ्याच्या माथ्यावर लोखंडाचा जड ठोकळा दाबून उभं आहे. दोघांना एकमेकांचं तोंड दिसत नाही, मध्ये फळी आहे. बाहेरचा हात सैल पडला तर आतला ठोका वाया जातो. नवरा-बायकोने घरच्या शेडमध्ये जुनी लाकडी होडी दुरुस्त करायला घेतली, की महिनोन् महिने त्यांना हाच आवाज ऐकायचा असतो.

ही होडी आहे फोल्कबोट. स्वीडिश भाषेत अर्थ सरळ आहे: लोकांची होडी. सामान्य कुटुंबाला परवडेल अशी शिडाची होडी हवी म्हणून १९४१ मध्ये स्कँडिनेव्हियात आराखड्यांची स्पर्धा झाली. एकही आराखडा पूर्णपणे पसंत पडला नाही, म्हणून निवडक आराखड्यांतलं चांगलं ते एकत्र करून टूर्ड सुंडेन यांनी रेखाटन केलं आणि १९४२ साली गोथेनबर्गमध्ये पहिली होडी पाण्यात गेली. लांबी ७.६८ मीटर, रुंदी २.२० मीटर, पाण्याखालची खोली १.२० मीटर, शीड २४ चौरस मीटर. वजन सुमारे १९३० किलो, त्यातलं निम्म्याहून जास्त तळाच्या ओतीव लोखंडात. घरामागच्या शेडमध्ये मावेल एवढी ती लहान आहे आणि उत्तरेच्या समुद्रात नेता येईल एवढी दणकट.

कोकणातल्या होडीच्या फळ्या काठाला काठ भिडवतात आणि फटीत कापूस ठासतात. फोल्कबोटीच्या फळ्या मंगलोरी कौलांसारख्या एकीवर एक चढलेल्या असतात. वरच्या फळीचा खालचा काठ खालच्या फळीवर येतो आणि त्या दुहेरी जागेतून तांब्याचे रिव्हेट, म्हणजे टोक चपटं केलेले तेच खिळे, आरपार जातात. सांध्यात ना कापूस, ना लांबी (पुट्टी). पाणी अडतं ते लाकूड फुगल्यामुळे. हे एकदा डोक्यात पक्कं बसलं की निम्म्या चुका टळतात.

पहिलं काम तपासणीचं. त्यासाठी टोच्या, छोटी मोगरी, खडू आणि वही पुरते. मोगरीने ठोकल्यावर निरोगी लाकूड खणखणीत वाजतं, कुजलेलं बद्द. संशय आला तिथे टोच्या. तो हाताच्या दाबाने आत गेला तर तिथे खडूची खूण. एकाने ठोकावं, दुसऱ्याने लिहावं. आणि शोधायचं कुठे? लोकांना वाटतं पाण्याखाली. खारं पाणी लाकूड सहसा कुजवत नाही, कुजवतं ते पावसाचं गोडं पाणी. म्हणून डेकची कड, मागच्या आडव्या फळीचे कोपरे, नाळेचा (होडीच्या पुढच्या टोकाच्या उभ्या लाकडाचा) माथा, डोलकाठीच्या बुडाची बैठक आणि जिथे वारा खेळत नाही अशा साऱ्या सांदीकोपऱ्यांत आधी बघा. लाकडातला ओलावा २० टक्क्यांच्या खाली राहिला तर कुजवणारी बुरशी वाढत नाही. म्हणजे गळकं डेक आधी थांबवायचं. ते गळत असताना खाली नवी फळी बसवणं म्हणजे तीही कुजायला ठेवणं.

रंग खरवडण्याआधी थांबा. जुन्या होडीवर शेंदूर असतो आणि शेंदूर म्हणजे शिसं. पाण्याखालच्या भागावरच्या जुन्या रंगात ट्रायब्युटिलटिन हे शेवाळ-शिंपले मारणारं विषारी रसायन असू शकतं. २५ मीटरहून लहान होड्यांवर त्याचा वापर युरोपात १९८९ च्या नियमाने बंद झाला, पण जुन्या थरांखाली ते अजून असतं. कोरडं घासू नका. पृष्ठभाग ओला करून खरवडा, खाली प्लॅस्टिक अंथरा, मास्क बारीक धुळीचा घ्या, साधं फडकं नको. खरवड गोळा करून धोकादायक कचऱ्यात द्या. बाई गरोदर असेल, तर हे काम तिने करायचं नाही. घरात ती किंवा लहान मूल असेल, तर दुसऱ्याने त्या कपड्यांनी घरात यायचं नाही. यात तडजोड नाही.

आता होडीचा आधार. सगळं वजन तळाच्या कण्याखालच्या ठोकळ्यांवर असावं. बाजूचे टेकू फक्त तोल सांभाळतात. टेकूवर भार आला की पोट आत दबतं, फळ्यांना आतून धरणाऱ्या बरगड्या तडकतात, आणि त्या वाकड्या आकारात नवं लाकूड बसवलं तर वाकडेपणा कायमचा. म्हणून काहीही सोडवण्याआधी काठापासून काठापर्यंत आडव्या पट्ट्या ठोकून रुंदी बांधून घ्या आणि कण्याच्या बाजूने दोरी ताणून तो सरळ आहे का ते बघा.

लोखंडी तळ धरणाऱ्या बोल्टांपैकी निदान एक तरी काढून बघायलाच हवा. नटवर आदल्या काही दिवसांपासून तेल सोडत राहा. एका वेळी एकच बोल्ट काढायचा. वरून आणि खालून तो धडधाकट दिसतो, झिजतो मात्र मध्ये, लाकूड आणि लोखंड भिडतात नेमका तिथे. तिथे कंबर बारीक झालेली दिसली तर सगळे बदलायचे. नवे बोल्ट जस्त चढवलेल्या पोलादाचे घ्या. स्टेनलेस चकचकीत दिसतं, पण ओल्या ओकच्या आत हवा पोचत नाही तिथे ते गुपचूप पोखरलं जातं.

बरगड्या ओकच्या असतात आणि पोटाच्या वळणावर तडकतात. तिथे वाक सर्वांत तीव्र आणि नेमकं तिथेच रिव्हेटचं भोक. जुनी बरगडी काढताना एक नियम पाळा: शेजारच्या दोन बरगड्या एकदम काढायच्या नाहीत. एक सोडून एक काढा, नवी बसवा, मग उरलेल्यांकडे वळा. नाहीतर होडीचा आकार पसरतो.

नव्या बरगडीसाठी सरळ रेषांचं, हवेत सुकलेलं ओक लागतं. भट्टीत वाळवलेलं लाकूड वाकताना मोडतं. लाकडी पेटी करा, एका टोकाला थोडा उतार द्या म्हणजे साचलेलं पाणी वाहून जाईल, आणि दुसऱ्या टोकाने वाफ सोडा. पेटी वाफेने पूर्ण भरली की घड्याळ लावा. जाडीच्या दर २५ मिलिमीटरला एक तास. तासभर वाफवलेली पट्टी बाहेर काढल्यावर हातात मिनिटभरही वेळ नसतो. एकाने पळत आणायची, आतल्याने तळाशी बसवून पायाने पोटाच्या वळणावर दाबायची, बाहेरच्याने वरच्या काठाला क्लॅम्प लावायचा. शब्द आधी ठरवून ठेवा: ‘दाब’, ‘थांब’, ‘पकडली’. वाफेच्या गोंधळात लांब वाक्यं ऐकू येत नाहीत. पट्टीच्या वार्षिक वलयांची दिशा फळीला समांतर ठेवा. हातमोजे जाड हवेत. दोन-चार पट्ट्या मोडणार हे धरूनच जादा कापून ठेवा.

फळी कुजली असेल तर तुकडा बदलता येतो. फळीची जाडी साधारण १६ मिलिमीटर. जोडाचा उतार जाडीच्या निदान आठ पट आणि बारा पट असेल तर उत्तम, म्हणजे जोड सुमारे १९ सेंटिमीटर लांबीचा. बाहेरून दिसणारी पातळ धार मागच्या दिशेला ठेवा, म्हणजे वाहतं पाणी ती उचलणार नाही. आखूड जोडाचा मोह होतो, आणि होडी वाकते तिथेच तो सुटतो. शेजारच्या फळ्यांचे जोड एकाखाली एक येऊ देऊ नका.

आता परत त्या टक-टककडे. जुना रिव्हेट काढताना आतलं चपटं डोकं कानशीने घासून काढा, त्याखालची तांब्याची टोपी (भोकाची छोटी चकती) उचला आणि खिळा आतून बाहेर ठोका. बाहेरून पकडीने ओढला तर माथ्याभोवतीचं लाकूड फाटतं. नवा खिळा चौकोनी, मऊ तांब्याचा. भोक इतकंच की तो हातोड्याने ठोकावा लागेल, पण फळी चिरणार नाही. टोकांजवळ हे फार जपा. खिळा आत आला की टोपी बसवायची. पोकळ पंच खिळ्यावर घालून ती लाकडाला भिडेपर्यंत ठोकायची, आणि त्या वेळी बाहेर ठोकळा माथ्यावर घट्ट हवा. मग टोपीच्या वर जेमतेम दीड-दोन मिलिमीटर ठेवून खिळा छाटा. इथून पुढे हलके ठोके, कडेकडेने गोल फिरत, टोक छत्रीसारखं पसरेपर्यंत.

जोरात मारलेले चार ठोके वीस हलक्या ठोक्यांचं काम करत नाहीत. जोराच्या ठोक्याने खिळा लाकडाच्या आत गुडघ्यासारखा वाकतो. बाहेरून सारं नीट दिसतं. होडी लाटांवर आपटली की तो वाक सरळ होतो, सांधा सैल पडतो आणि पाणी येऊ लागतं. ठोका बरोबर पडत असेल तर ठोकळा धरणाऱ्याला तळव्यात एकच टणक धक्का बसतो. किणकिणाट झाला तर ठोकळा माथ्यावरून सरकला आहे. चूक बाहेरच्याला आधी कळते, म्हणून ‘थांब’ म्हणायचा पहिला हक्क त्याचा. दर तासाला जागा बदला. खांदे आणि मान दोन्ही दुखतात, आणि थकलेला हात जोरात मारतो.

घरच्या दुरुस्तीतली सर्वांत महागडी चूक मात्र वेगळीच आहे. शेडमध्ये होडी दोन हिवाळे उभी राहते. लाकूड वाळतं, कौलांसारखे सांधे उघडतात, त्यांतून उजेड दिसतो. घाबरून कुणी त्यांत घट्ट होणारी लांबी किंवा इपॉक्सी भरतं. बारा सेंटिमीटर रुंद फळी ओलावा पाच टक्क्यांनी वाढल्यावर एक-दीड मिलिमीटर फुगते. पाण्यात गेल्यावर तिला फुगायला जागाच उरत नाही. मग ती शेजारच्या फळीला ढकलते, रिव्हेट ताणले जातात, बरगड्या मोडतात. दोन हिवाळ्यांची मेहनत दोन दिवसांत फुकट. या होडीवर इपॉक्सीचं आवरणही चढवू नये, लाकूड हलतं आणि आवरण हलत नाही. उजेड दिसला तर दिसू द्या. शेडमध्ये हीटर लावू नका, उन्हाचा झोत थेट पडू देऊ नका, जमीन अधूनमधून ओली करा.

लाकडाला जवसाचं तेल टर्पेंटाइनमध्ये पातळ करून देतात. तेलाच्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकल्या तर त्या आपोआप पेट घेतात. सुट्या पसरून वाळवा किंवा पाण्याच्या डब्यात टाका.

रंगकामालाही दोघं लागतात. एक जण रोलरने पातळ रंग लावत पुढे जातो, दुसरा लगेच मागून कोरड्या ब्रशच्या टोकाने सपाट करतो. एका वेळी एक फळी, नाळेपासून मागेपर्यंत, न थांबता. मध्ये फोन घेतला की कड वाळते आणि रेघ दिसते. डोलकाठी आणि वरच्या लाकूडकामाला वॉर्निश. पहिला हात निम्मा पातळ केलेला, दुसरा थोडा कमी, पुढचे जवळजवळ घट्ट. एकूण सात-आठ हात, आणि प्रत्येक दोन हातांमध्ये बारीक पॉलिश पेपर. दुपार टळल्यावर सुरू करू नका, संध्याकाळचं दव वॉर्निशची चमक मारतं.

आणि मग पाणी. होडी क्रेनच्या पट्ट्यांवरच ठेवून तरंगवा. पहिल्या तासात आत पाणी येतं, कधी कधी भरपूर. पट्टे रात्रभर तसेच राहू द्या, बॅटरी भरलेली, पंप दोन. शीड चढवू नका, डोलकाठीच्या तारा ताणू नका. ताण आला की अजून न फुगलेले सांधे उघडतात. दोघांपैकी एक जण होडीपाशी झोपतो. वहीत दर वेळी लिहायचं: पंप किती वाजता चालू झाला, किती मिनिटं चालला. पहिल्या रात्री दर वीस मिनिटांनी, दुसऱ्या रात्री कदाचित दर दोन तासांनी. तिसऱ्या दिवशीही एकाच जागेतून धार येत असेल, तर आतून बोट फिरवून ती जागा शोधा आणि तिथला रिव्हेट पुन्हा तपासा. एक आत, एक बाहेर.