आवाज कवा येतोय?

(दृश्य : कोल्हापूर, शिवाजी उद्यमनगर. सकाळची वेळ. गॅरेजचं शटर अर्धं वर. दारात पांढरी मारुती 800.)

ही गाडी 1998 सालची. चार गिअरची, कार्ब्युरेटरची. वडिलांनी घेतली तेव्हा मी शाळेत होते. आज ती मी चालवते, आणि गेलं वर्षभर ती घरघरते आहे.

मागच्या पावसाळ्यात एका गॅरेजमध्ये दाखवली. गाडी आत घ्यायच्या आधीच उत्तर मिळालं, "क्लच गेलाय." क्लच म्हणजे इंजिनला गिअरबॉक्सशी जोडणारा आणि सोडवणारा भाग. त्यातली घासणारी क्लच प्लेट, तिला दाबून धरणारी प्रेशर प्लेट, पेडल दाबलं की तो दाब काढणारं रिलीज बेअरिंग, सगळा सेट बदलला. गिअरबॉक्स उतरवायची आणि चढवायची मजुरी वेगळी. संध्याकाळी गाडी ताब्यात घेतली आणि दुसऱ्याच सिग्नलला तीच घरघर. त्या दिवसाचा राग माझ्या मनात अजून आहे. पैशांचा आहेच, पण त्याहून जास्त राग याचा, की पाच मिनिटं गाडीत बसून कुणी आवाज ऐकलाच नव्हता.

म्हणून आज इथे आले आहे. या गॅरेजच्या मिस्त्रींना सगळे मामा म्हणतात. मी वर्णन सुरू केलं, घर्र घर्र होतं, मध्येच खरखर होतं. मामांनी हात वर केला.

"आवाज कसला ते ऱ्हाऊ दे, ताई. कवा येतोय ते सांगा."

(दृश्य : ड्रायव्हरच्या सीटवर मामा. इंजिन बंद. कॅमेरा पायाजवळ.)

पहिली परीक्षा इंजिन बंद ठेवूनच. मामा क्लचचं पेडल दाबतात, सोडतात, पुन्हा दाबतात. इथेच कुईकुई ऐकू आली, तर गिअरबॉक्सला हात लावायचं कारण नाही. पेडलच्या सांध्यातलं बुश कोरडं पडलेलं असतं, नाहीतर क्लचची केबल, नाहीतर रिलीज बेअरिंगला ढकलणाऱ्या फोर्कचा दांडा. 800चा क्लच केबलवर चालतो. तेलाचे चार थेंब किंवा नवी केबल, एवढ्यावर भागतं. आमच्या गाडीचं पेडल गप्प होतं.

आता इंजिन चालू. न्यूट्रल. पेडलवर पाय नाही. घरघर सुरू.

इथे थोडं थांबून आत काय फिरतंय ते बघायला हवं, कारण सगळं निदान त्यावरच उभं आहे. पेडल मोकळं असताना क्लच इंजिनला धरून असतो. गाडी जागेवर उभी असली तरी गिअरबॉक्सचा इनपुट शाफ्ट, म्हणजे इंजिनचं फिरणं आत नेणारा दांडा, इंजिनबरोबर फिरत असतो, आणि त्याला पेलणारी बेअरिंगंही. पेडल पूर्ण दाबलं की शाफ्ट इंजिनपासून सुटतो, दोन-तीन सेकंद मंदावत जातो आणि थांबतो. रिलीज बेअरिंगचं नेमकं उलट. पेडल मोकळं असताना ते निवांत असतं. पेडल दाबलं की प्रेशर प्लेटच्या मधल्या पाकळ्यांवर टेकतं आणि दाबाखाली गरगरायला लागतं.

पाय खाली गेला की एक बेअरिंग थांबतं आणि दुसरं कामाला लागतं. मिस्त्रीच्या हातात याहून चांगलं हत्यार नाही.

(दृश्य : पेडलवर पाय. पाय अगदी सावकाश खाली जातो.)

मामा पेडल एका दमात दाबत नाहीत. आधी नुसता तळवा टेकवतात. जुन्या 800च्या पेडलला वरच्या बाजूला साधारण 15 ते 25 मिलीमीटर मोकळी चाल असते. ती संपली की बेअरिंग पाकळ्यांना शिवतं. या टप्प्यावर किरकिर सुरू झाली आणि पाय दाबत जाऊ तशी वाढली, तर रिलीज बेअरिंग संपलं. याच टप्प्यावर आधीची खुळखुळ एकदम बंद झाली, तर बेअरिंग किंवा फोर्क जागेवर ढिला आहे. पायाच्या नुसत्या वजनाने तो दाबून धरला गेला, म्हणून गप्प झाला. क्लच अजून सुटलेलाच नाही, शाफ्ट अजून फिरतोच आहे, हे इथे विसरायचं नाही.

आमच्या गाडीत या टप्प्यावर काहीच बदललं नाही. घरघर तशीच राहिली.

पाय आणखी खाली गेला. क्लच सुटला. आता ऐका.

(तीन सेकंद निवेदन नाही. घरघर उतरत जाते, थांबते.)

आवाज तुटला नाही, विरत गेला. शाफ्ट मंदावला तसा तोही मंदावला. मामांनी पाय उचलला, आवाज परत आला. पाच वेळा केलं, पाचही वेळा तेच. मग बॉनेट उघडून त्यांनी लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक गिअरबॉक्सच्या कवचावर टेकवलं आणि मूठ कानाच्या मागच्या हाडाला लावली. टोक दोन-तीन ठिकाणी फिरवलं. मग मूठ माझ्या हातात दिली. एका जागी आवाज पुसट होता. एक वीत अलीकडे, इंजिनच्या बाजूला, जात्यात खडा सापडल्यासारखा.

"क्लच न्हाई हे. इनपुटचं बेअरिंग हाय."

एक शंका मात्र त्यांनी राखून ठेवली. 800चं इंजिन तीन सिलिंडरचं, दोन फेऱ्यांत तीन धक्के देणारं. ते धक्के शोषायला क्लच प्लेटच्या मध्यावर छोट्या स्प्रिंग असतात. त्या ढिल्या झाल्या तर आयडलला, म्हणजे ॲक्सिलरेटर न दाबता, खडखड होते आणि पेडल दाबलं की तीही थांबते. फरक एवढाच की थोडा रेस दिला की ती बहुधा मिटते. आमची घरघर रेसबरोबर चढत होती.

(दृश्य : काउंटरवर दोन तरुण मिस्त्री 800च्या जुन्या सुट्या भागांची खोकी लावतात.)

या गाडीची पहिली किल्ली 14 डिसेंबर 1983 रोजी दिली गेली, आणि उत्पादन थांबलं जानेवारी 2014 मध्ये. मधल्या काळात, 2010 साली, मुंबई, पुणे आणि सोलापूरसह 13 शहरांत नवे उत्सर्जन नियम लागू झाले आणि तिथे 800ची विक्री बंद पडली. कोल्हापूर त्या यादीत नव्हतं. त्यामुळे इथल्या गॅरेजांत ही गाडी अजून रोजची आहे, आणि तिचा आवाज ओळखणारे कानही.

दुपारी गिअरबॉक्स खाली आला. आधी गिअर ऑइल काढलं. मामांनी ते बोटांवर चोळून उन्हात धरलं. राखाडी तेलात चंदेरी चमकी होती, देवाच्या फोटोवरच्या भुकटीसारखी. ती चमकी म्हणजे बेअरिंगचं झिजलेलं लोखंड. गिअरबॉक्स उघडून, पुलर लावून बेअरिंग ओढून काढलं. बोटावर धरून फिरवलं तर दर फेरीला एकाच जागी अडखळायचं. मी विचारलं, आत काय झालंय ते दिसेल का? मामांनी ग्राइंडरने बाहेरचं कडं कापून दिलं. गोळ्या धावतात त्या वाटेवर, आतल्या कड्याला, तांदळाच्या कणीएवढे दोन खड्डे होते. वर्षभराची घरघर तिथून येत होती.

गेल्या वर्षी बदललेली क्लच प्लेट अजून चांगली निघाली. घासणाऱ्या थरात रिव्हेट अजून खोल होते, प्लेट ज्यावर दाबली जाते त्या इंजिनच्या चाकावर, फ्लायव्हीलवर, ओरखडा नव्हता, इंजिनच्या मागच्या सीलमधून तेल झिरपलं नव्हतं. तेल लागलं असतं तर पहिल्या गिअरला गाडी थरथरत निघाली असती. प्लेट ठेवली. रिलीज बेअरिंगही ठेवलं, आणि इथे मामा हाताखालच्या पोरावर एकदाच ओरडले, कारण तो ते पेट्रोलच्या डब्यात टाकायला निघाला होता. या बेअरिंगमध्ये ग्रीस आतच भरून बंद केलेलं असतं. पेट्रोलने ते विरघळून जातं आणि चांगलं बेअरिंग महिन्याभरात किरकिरायला लागतं. त्याला फक्त कोरड्या फडक्याने पुसायचं.

(दृश्य : मामांच्या हातात दुसऱ्या गिअरबॉक्सचा जुना शाफ्ट.)

हा भंगारातला इनपुट शाफ्ट त्यांनी वर्षानुवर्षं जपला आहे. प्रेशर प्लेटचे बोल्ट आवळण्याआधी तो प्लेटच्या मधून घालतात, म्हणजे प्लेट बरोबर मध्यावर बसते. मग बोल्ट समोरासमोरचे, थोडे थोडे. शाफ्टच्या दात्यांना ग्रीस बोटाच्या टोकाएवढंच. जास्त झालं तर फिरताना उडून प्लेटवर जातं.

संध्याकाळी नवं तेल भरलं, केबलचा नट फिरवून मोकळी चाल बसवली. मामांनी माझ्या चपलेकडे बघितलं. पेडलची रबरं एका बाजूने गुळगुळीत झाली होती.

"पाय ठेवून चालवता न्हवं?"

ठेवते. आंबा घाटात तर उतरेपर्यंत. पाय टेकलेला असला की रिलीज बेअरिंगला क्षणभरही सुटका नसते. ते नवं आहे म्हणून वाचलं.

(दृश्य : इंजिन सुरू होतं. न्यूट्रल. पेडल मोकळं.)

आयडलचा आवाज. पंख्याचा आवाज. रस्त्यावरून जाणारी एसटी. मामा पेडल दाबतात, सोडतात. पुन्हा दाबतात, सोडतात. काहीच बदलत नाही.

घरी वडील फाटकाशी उभे होते. गाडी आत आली तरी त्यांनी वळून बघितलं नाही. वर्षभर ते तिला घरघरीवरूनच ओळखत होते.