सुट्टीच्या दिवशीचा स्वयंपाक

श्रोतेहो, नमस्कार.

सुट्ट्या जवळ आल्या की घराघरांत बेत सुरू होतात. कुठे जायचं, किती दिवस राहायचं, कोणाकोणाला बोलवायचं. या सगळ्या बोलण्यात एक प्रश्न सहसा कुणी विचारत नाही. त्या दिवसांत स्वयंपाक कोण करणार? विचारायची गरज वाटत नाही, कारण वर्षभर जी व्यक्ती करते तीच करणार, हे सगळ्यांनी धरून चाललेलं असतं. त्यातून कामाच्या दिवशी निम्मं घर बाहेर असतं. सुट्टीत सगळे घरी, प्रत्येकाची उठायची वेळ निराळी, भुकेची वेळ निराळी. पाहुणे असतील तर पंगत दुप्पट. म्हणजे ज्या दिवसांना आपण सुट्टी म्हणतो, नेमक्या त्याच दिवसांत स्वयंपाकघरातलं काम वाढतं.

मला आज याबद्दल मनापासून बोलायचं आहे. माझं म्हणणं असं की सुट्टीचा हक्क माणसाने मोठ्या कष्टाने मिळवला, पण तो नोकरीला चिकटवून ठेवला. ज्याला पगार त्याला रजा. घरात रांधणाऱ्या माणसापर्यंत हा हक्क अजून पोचलेला नाही, आणि तो पोचवायचा असेल तर घराने बदलायला हवं तसं धोरणानेही बदलायला हवं.

हा हक्क फार जुना नाही. १९३६ च्या उन्हाळ्यात फ्रान्समध्ये कामगारांचे प्रचंड संप झाले. लेऑं ब्लुम यांचं सरकार नुकतंच सत्तेवर आलं होतं. त्या सरकारने जून महिन्यात कायदा करून कामगारांना वर्षाला दोन आठवड्यांची पगारी रजा दिली. लेओ लाग्रांज या मंत्र्यांनी रेल्वेभाड्यात ४० टक्के सवलत मिळवून दिली, आणि कितीतरी कामगार कुटुंबांनी त्या वर्षी आयुष्यात पहिल्यांदा समुद्र पाहिला. त्याच जून महिन्यात आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने पगारी रजेचा पहिला करार संमत केला. वर्षभर नोकरी झाली की निदान सहा दिवस रजा, एवढंच त्यात मागितलं होतं. १९७० च्या करारात ते सहा दिवस तीन आठवडे झाले. मधल्या काळात, १९४८ साली, मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याच्या २४ व्या कलमात लिहिलं गेलं की विश्रांती आणि फुरसत हा प्रत्येकाचा हक्क आहे.

१९३६ च्या त्या उन्हाळ्याची छायाचित्रं पाहण्यासारखी आहेत. सायकली, तंबू, पाण्यात पाय सोडून बसलेली माणसं. मला ती फार आवडतात. पण ती पाहताना दर वेळी मनात येतं, संध्याकाळी त्या तंबूंमध्ये जेवण कोणी शिजवलं असेल?

घरातलं काम मोजणं अवघड आहे असं सांगितलं जातं. ते आता मोजलं गेलेलं आहे. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या २०१८ च्या अहवालानुसार स्वयंपाक, साफसफाई, मुलांचं आणि आजाऱ्यांचं करणं अशा बिनपगारी कामात जगभर दररोज १,६४० कोटी तास जातात. म्हणजे २०० कोटी माणसांनी रोज आठ तास विनावेतन राबावं एवढं हे काम. त्यातला तीन चतुर्थांशाहून थोडा अधिक वाटा बायका उचलतात. बाईचे सरासरी ४ तास २५ मिनिटं, पुरुषाचा १ तास २३ मिनिटं. २०१३ मध्ये जगभरच्या श्रमसांख्यिकी तज्ज्ञांच्या परिषदेने ठराव करून हे काम म्हणजे कामच आहे, असं अधिकृतपणे मान्यही केलं.

आणखी एक गोष्ट मला फार बोलकी वाटते. घरकामगारांसाठी २०११ साली झालेल्या आंतरराष्ट्रीय करारात आठवड्याला सलग २४ तासांची विश्रांती दिलेली आहे. अतिशय योग्य. ती प्रत्यक्षात किती जणींना मिळते हा प्रश्न वेगळा, पण निदान ती मागता येते. आता हाच ओटा, हीच भांडी, हाच दोन वेळचा स्वयंपाक, आणि तो करणारी घरचीच व्यक्ती असेल तर? तिच्या सलग २४ तासांबद्दल कुठेच काही लिहिलेलं नाही. ते कायद्याने लिहावं असं मी म्हणत नाही. घरातल्या घरात कुणी तपासनीस यावा असं कुणालाच वाटणार नाही. पण धोरण फक्त कायद्याच्या कलमातून चालतं असं थोडंच आहे?

धोरणाकडे मी परत येते. आधी स्वयंपाकाबद्दल बोलू, कारण ते माझ्या जास्त जवळचं आहे.

मला स्वयंपाक मनापासून आवडतो. हातात वेळ असेल, चिरायला बसायला कुणी सोबत असेल, तर त्याच्याइतकं समाधान मला दुसऱ्या कशात मिळत नाही. म्हणून कुणी म्हणालं की आवडीने केलेल्या कामाचं ओझं कसलं, तर मला ते पटत नाही. शिक्षकांना शिकवायला आवडतं, म्हणून त्यांची सुट्टी कुणी काढून घेत नाही. शिवाय रांधण्यातला आवडीचा भाग असतो त्यातला थोडासा. खरं काम त्याच्या आधी आणि नंतर असतं. काय संपत आलंय, काय आज वापरलं नाही तर वाया जाईल, कोणाला काय चालत नाही, लहानाला आधी द्यावं लागेल का, रात्री काय भिजत घालायचं, उरलेलं उद्या कशात मुरवायचं. हा सगळा हिशेब हात रिकामे असतानाही डोक्यात चालू असतो. समुद्रकिनाऱ्यावर बसलेली बाई समोरच्या लाटा पाहत असते आणि मनात संध्याकाळच्या जेवणाची जुळवाजुळव करत असते. कोणाचा वेळ कशात जातो हे मोजणाऱ्या सर्वेक्षणात तो अर्धा तास ‘फुरसत’ म्हणून नोंदला जाईल.

म्हणूनच ‘मी काही मदत करू का?’ या प्रश्नाने फारसं हलकं होत नाही. विचारणारा प्रेमानेच विचारतो. पण काय करायचं, कसं करायचं, कधी करायचं हे सांगण्याची जबाबदारी जिच्याकडे होती तिच्याकडेच राहते. आमच्या घरच्या एकत्र सुट्टीत हळूहळू एक वेगळी रीत पडली. मदत करायची नाही, अख्खा दिवस घ्यायचा. सकाळच्या ‘काय करायचं?’पासून रात्री ओटा पुसण्यापर्यंत तो दिवस एका माणसाचा. सामान आणणं त्याचंच, बेत त्याचाच, भांडीही त्याचीच किंवा त्याने ज्याला सांगितलं त्याची. माझ्या भावाच्या दिवशी आमच्या आईने स्वयंपाकघरात यायचं नाही, असं ठरलं. तिला ते जड गेलं. दारातून दोनदा विचारून झालं, ‘अरे, मीठ बघितलंस का?’ पण दुपारी ती पुस्तक घेऊन बसली आणि सलग वाचत राहिली. वहिनी मला म्हणाली, ‘ताई, आईंना असं निवांत बसलेलं मी कधी पाहिलंच नव्हतं.’

त्या दिवशीचं जेवण अगदी साधं होतं. एका पातेल्यात शिजलेलं, सोबत कच्चं काहीतरी चिरलेलं. सगळे पोटभर जेवले. सुट्टीच्या दिवशी चार पदार्थ झालेच पाहिजेत, हा हट्ट बहुतेक वेळा खाणाऱ्यांचा असतो, आणि दिवस आपल्याकडे आला की तो आपोआप कमी होतो.

ज्यांना सवय नाही त्यांच्या हाती ओटा द्यायचा तर चार गोष्टी आधी सांगाव्या लागतात. सुट्टीत, प्रवासात पोट बिघडण्याचे प्रसंग येतात ते बऱ्याचदा यांच्याकडे दुर्लक्ष झाल्याने. जागतिक आरोग्य संघटनेचे सुरक्षित अन्नाचे नियम घरच्या स्वयंपाकालाही लागू पडतात. शिजलेलं अन्न बाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये. फ्रिजमधलं तापमान ५ अंशांच्या खाली असावं. शिजवताना आणि उरलेलं पुन्हा गरम करताना ते आतपर्यंत ७० अंशांवर जायला हवं, नुसतं कडेने वाफाळून चालत नाही. कच्चं मांस चिरलेल्या सुरीने आणि पाटावर तसंच फळ चिरू नये. दहाबारा वर्षांच्या मुलांना हे सहज समजतं, आणि एकदा समजलं की तीच मोठ्यांवर लक्ष ठेवतात.

स्वयंपाकघराची जागाही विचार करण्यासारखी आहे. १९२६ साली मार्गारेट शुट्टे-लिहोट्स्की या वास्तुरचनाकार बाईंनी फ्रँकफर्टच्या नव्या वसाहतींसाठी एक स्वयंपाकघर आखलं. आजच्या सलग ओट्याच्या, हाताशी कपाटं असलेल्या स्वयंपाकघराची सुरुवात तिथून मानतात. बाईचे फेरे वाचावेत, वेळ वाचावा हा त्यांचा हेतू खरोखर चांगला होता. पण ती खोली जेमतेम दोन मीटर रुंद आणि साडेतीन मीटर लांब होती. तिथे एकच माणूस नीट काम करू शकत होता. आपली बरीच स्वयंपाकघरं अजून त्याच मापाची आहेत. कुणी दुसरं आत आलं की अडचण होते, आणि मग आपणच म्हणतो, ‘तू बाहेर बस, मी करते.’ सुट्टीत राहायला घर शोधताना मी आता खिडकीतून काय दिसतं ते नंतर पाहते. ओट्यापाशी दोघं उभं राहू शकतात का, हे आधी पाहते.

आता धोरणाकडे. शाळेची सुट्टी हा कुटुंबासाठी आनंदाचा काळ, हे सगळ्यांच्या बाबतीत खरं नाही. जागतिक अन्न कार्यक्रमाच्या २०२२ च्या अहवालानुसार जगात ४१ कोटी ८० लाख मुलांना शाळेत जेवण मिळत होतं. फिनलंडने १९४८ पासून सगळ्याच मुलांना ते मोफत द्यायला सुरुवात केली. शाळेतलं हे जेवण मुलाच्या पोटासाठी असतं, आणि त्याच्या घरातल्या माणसाच्या हातांनाही त्यामुळे थोडी उसंत मिळते. शाळा बंद झाली की ते ताट पुन्हा घरच्या ओट्यावर येतं, खर्चासकट. ज्या घरात दोन्ही पालक कामावर जातात किंवा ज्या घरात पैशांची ओढाताण आहे, तिथे सुट्टीचे आठवडे सगळ्यात कठीण जातात. ब्रिटनमध्ये २०२० च्या जून महिन्यात मार्कस रॅशफर्ड या फुटबॉलपटूने खासदारांना जाहीर पत्र लिहिलं की उन्हाळ्याच्या सुट्टीतही गरीब मुलांच्या जेवणाची सोय चालू ठेवा. सरकारने आधी नकार दिला होता. पत्रानंतर लगेचच निर्णय फिरला. एक माणूस आपल्या लहानपणच्या भुकेबद्दल मोकळेपणाने बोलला, म्हणून हे घडलं. पण मुलांचं सुट्टीतलं जेवण असं कुणाच्या पत्रावर का अवलंबून असावं? शाळेच्या भोजनाची योजना आखतानाच सुट्टीचे आठवडे तिच्यात धरायला हवेत.

‘घरात कोण काय करतं हे सरकारने ठरवू नये,’ असं म्हणणाऱ्यांचं मी समजू शकते. पण धोरणाने घरातली वागणूक बदलल्याचं जगाने पाहिलेलं आहे. नॉर्वेने १९९३ मध्ये बाळंतपणानंतरच्या पालक-रजेतले चार आठवडे वडिलांसाठी राखून ठेवले. त्यांनी घेतले नाहीत तर ते साधारणपणे वायाच जायचे. त्याआधी अशी रजा घेणारे वडील फारच थोडे होते. काही वर्षांतच बहुतेक वडील ती घेऊ लागले. कुणावर सक्ती झाली नाही. बाळाबरोबर घरी राहणं पुरुषाला साहेबांसमोर मागता येईल असं झालं, एवढंच. बाळाबरोबर घरी राहिलेला माणूस भूक लागल्यावर ओट्याकडे वळतोच.

आइसलंडच्या बायकांनी १९७५ च्या २४ ऑक्टोबरला एक दिवस काम बंद ठेवलं, नोकरीतलं आणि घरातलंही. देशातल्या सुमारे ९० टक्के बायका त्यात सामील झाल्या. वडील मुलांना घेऊन कचेऱ्यांत गेले, आणि झटपट शिजणारे सॉसेज दुकानांतून संपले, असं त्या दिवसाबद्दल सांगतात. पुढच्याच वर्षी तिथे समानतेचा कायदा झाला. एवढं सगळं एका दिवसाने घडलं, कारण त्या दिवशी ते काम सगळ्यांना दिसलं.

माझी अगदी साधी मागणी आहे. वेळेच्या वापराची सर्वेक्षणं होतात तेव्हा लोकांसमोर येते ती वर्षाची सरासरी. सुट्टीचे दिवस आणि कामाचे दिवस वेगळे करून आकडे जाहीर करा, आणि ते ठळकपणे मांडा. रजेच्या दिवशी घरातल्या कोणाचे किती तास ओट्यापाशी गेले, हे प्रत्येक देशाच्या कामगार खात्याच्या टेबलावर येऊ दे. पगारी रजेचे दिवस वाढवायची चर्चा होईल तेव्हा तो तक्ता समोर हवा. आणि घरातल्या पुढच्या सुट्टीचा बेत करायला बसाल तेव्हा दिवसांची यादी करताना प्रत्येक तारखेसमोर जेवण कोणाकडे, तेही लिहा. ज्याचं नाव येईल त्याने बेतही ठरवायचा आणि भांडीही आवरायची.

नमस्कार.