कानस, गुण्या आणि जिन्यातला दिवा

(दृश्य: व्हाइसमध्ये आवळलेला लोखंडाचा तुकडा, त्यावर चालणारी कानस. पहिले काही सेकंद नुसता आवाज.)

या तुकड्याला शाळेच्या या कार्यशाळेत ‘जॉब’ म्हणतात. माइल्ड स्टीलची पट्टी मघाशी हॅक्सॉने कापली, तेव्हा त्याच्या कडा वेड्यावाकड्या होत्या. आज त्यातली एकच कड सरळ करायची आहे. ती साधली की तिच्या आधाराने बाकीच्या तिन्ही काटकोनात आणता येतात. वर्ग नववीचा, शनिवारची सकाळ, जोडतासिका.

कानस पुढे जाताना कापते. मागे येताना ती दाबली तर दात बोथट होतात, म्हणून परतीला हात हलका ठेवायचा. सांगून झालं. आता या मुलाचे हात बघा. दोन्ही हातांचा जोर सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारखा, त्यामुळे कानस झोके खाते, कडेच्या दोन्ही टोकांना उतार पडतो आणि मध्ये फुगवटा राहतो. सर शेजारी येऊन त्याच्या मनगटावर नुसता हात ठेवतात. सुरुवातीला भार पुढच्या हाताचा, मग सरकत सरकत मुठीवरच्या हाताकडे. पायही थोडे फाकवून, डावा पुढे.

(दृश्य: जॉब आणि गुण्या ट्यूबलाइटकडे धरलेले. क्लोज-अप.)

मग तपासणी. गुण्या म्हणजे काटकोन बघायचं हत्यार. त्याची पाती कडेवर टेकवायची आणि उजेडाकडे बघायचं. फटीतून प्रकाश आला तर तिथे खोलगट आहे. जिथे उजेड अडतो तिथे उंचवटा, आणि घासायचं ते तिथेच. केसापेक्षा बारीक फटही अशी दिसते. या परीक्षेत शेजाऱ्याचं बघून लिहिता येत नाही आणि सरांना दया आली तरी उपयोग नाही.

(दृश्य: जिना, पहिला मजला, संगणक कक्षाचं दार.)

शाळा मध्य मुंबईतली, मराठी माध्यमाची, अनुदानित. वरच्या मजल्यावर संगणक कक्ष आहे. वातानुकूलित, नीटनेटका, आणि तिथे शिकवतातही मन लावून. त्याच्याबद्दल तक्रार असायचं कारण नाही. पण पालकसभेत कुणी विचारलं की शाळेत तंत्रज्ञान शिकवता का, तर बोट या दाराकडे जातं. खालच्या कार्यशाळेत धातू, लाकूड, वीज, पाणी, कापड आहे, तिच्याकडे सहसा कुणी बोट दाखवत नाही.

(दृश्य: नागदेवी स्ट्रीटची हत्यारांची दुकानं. लोहार चाळ, वायरींची भेंडोळी. धारावीचा कुंभारवाडा. लोअर परळ, गिरणीची चिमणी आणि मागे काचेचा टॉवर.)

हे सगळं याच शहरात आहे. १८५३ साली बोरीबंदरहून ठाण्याला गाडी गेली, पुढे परळला आणि माटुंग्याला रेल्वेचे कारखाने उभे राहिले. गिरण्यांना माणसं हवी होती. १८८७ साली भायखळ्याला व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट निघाली. १९२३ मध्ये ती माटुंग्याला गेली आणि आज तिला आपण व्हीजेटीआय म्हणतो. लालबाग-परळच्या घरांमध्ये साचा, जॉबर, फिटर हे शब्द जेवताना कानावर पडायचे. १९८२ च्या संपानंतर गिरण्या मिटत गेल्या, आणि मुलांना घरीच मिळणारं ते शिक्षणही आटलं. त्याची जागा शाळेने घ्यायची होती.

(दृश्य: जुनी छायाचित्रं. चरखा, टकळी, शाळेचं अंगण.)

घ्यायला हवी, असं म्हणणारे कमी नव्हते. १९३७ च्या ऑक्टोबरात वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी नई तालीम मांडली. मूल हाताने काहीतरी बनवेल आणि त्यातूनच गणित, विज्ञान, भूगोल शिकेल. झाकिर हुसेन यांच्या समितीने तिचा अभ्यासक्रम बांधला. पुढे १९६४ ते ६६ च्या कोठारी आयोगाने कार्यानुभव, म्हणजे अभ्यासाचाच भाग म्हणून हाताचं काम, सुचवला. १९७७ मध्ये ईश्वरभाई पटेल समितीने त्याचं नाव ‘समाजोपयोगी उत्पादक कार्य’ केलं. नावं लांबत गेली. आमच्या पिढीच्या प्रगतिपुस्तकात कार्यानुभवाला श्रेणी असायची, आणि त्या तासाला बहुतेक वेळा गणिताचे सर राहिलेला धडा संपवायला यायचे.

एका मुंबईकर शास्त्रज्ञाने मात्र हे मनावर घेतलं. डॉ. श्रीनाथ कलबाग हिंदुस्तान लिव्हरच्या मुंबईतल्या संशोधन केंद्रात होते. ती नोकरी सोडून त्यांनी १९८३ साली पुणे जिल्ह्यातल्या पाबळला विज्ञान आश्रम सुरू केला. त्यांचा ‘मूलभूत तंत्रज्ञान’ हा विषय आठवी ते दहावीला, आठवड्यातला एक दिवस. त्याचे भाग चार: अभियांत्रिकी, ऊर्जा-पर्यावरण, शेती-पशुपालन आणि गृह-आरोग्य. वेल्डिंग करणाऱ्या मुलाने त्याच वर्षी रोपवाटिकाही सांभाळायची, आणि मुलीनेही दोन्ही करायचं. कलबागांचा आग्रह होता की मुलांनी केलेलं काम गावात कुणाच्या तरी उपयोगी पडलं पाहिजे. ते खेड्यासाठी उभं राहिलं. गिरणगावाने तसं काही मागितलं नाही, हे मला खटकतं.

(दृश्य: मानखुर्द. होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राचं फाटक, आवारातली झाडं.)

शहरात अभ्यासच झाला नाही, असंही नाही. टाटा मूलभूत संशोधन संस्थेचं हे केंद्र १९७४ पासून आहे. इथे चित्रा नटराजन, सुग्रा चुनावाला आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या शतकाच्या पहिल्या दशकात उच्च प्राथमिकच्या मुलांना तीन कामं दिली: पुस्तकं न्यायची पिशवी, वजन उचलणारी पवनचक्की, आणि बाहुल्या. शहरातली मराठी माध्यमाची मुलं होती, इंग्रजी माध्यमाची होती, आदिवासी भागातल्या शाळेतलीही होती. साहित्याला हात लावण्याआधी त्यांनी चित्र काढायचं, मापं टाकायची, काय काय लागेल त्याची यादी करायची, कोणती पायरी आधी ते ठरवायचं. बनवून झालं की स्वतःच्या आणि दुसऱ्या गटाच्या वस्तूची पारख करायची.

(दृश्य: पुन्हा कार्यशाळा. लाकडी फळीवर दोन स्विच, एक होल्डर. मुलींचा गट.)

या शाळेतही आधी कागदच. काम साधं वाटतं: जिन्यातला दिवा खालूनही लावता-बंद करता आला पाहिजे आणि वरूनही. चाळीत, बिल्डिंगमध्ये राहणाऱ्या प्रत्येकाने ही सोय वापरलेली असते.

पहिल्या चित्रात दोन साधे स्विच एकामागोमाग आहेत. दोन्ही चालू असतील तरच दिवा. म्हणजे खालच्याने बंद केला की वरचा अंधारात. कागद परत. दुसऱ्या चित्रात ते समांतर आहेत. आता दिवा कुठूनही लागतो, पण खालून लावलेला वरून विझत नाही. कागद परत. सर उत्तर सांगत नाहीत, फक्त टेबलावर दुसऱ्या जातीचा स्विच ठेवतात, तीन टोकांचा. टू-वे.

(दृश्य: मुलीचा हात पेन्सिलने रेघ ओढतो, खोडतो, पुन्हा ओढतो. निवेदन नाही.)

फेज पहिल्या स्विचच्या मधल्या टोकाला. उरलेल्या दोन टोकांवरून दोन वायरी दुसऱ्या स्विचला. त्याच्या मधल्या टोकावरून दिव्याला, आणि दिव्याचं दुसरं टोक न्यूट्रलला. आता कुठलाही स्विच हलवला की दिव्याची अवस्था बदलते.

जोडणी झाली तरी ती थेट मेनवर जात नाही. आधी सिरीज बोर्ड, म्हणजे वाटेत एक बल्ब जोडलेली तपासणीची फळी. कुठे शॉर्ट असेल तर सिरीजमधला बल्ब भक्कन पेटतो आणि शाळेचा फ्यूज वाचतो. लोहार चाळीतला वायरमन हीच रीत वापरतो.

आणि इथे वरच्या मजल्याची गंमत आहे. पहिलं चुकलेलं चित्र म्हणजे संगणकातलं ‘अँड’, दुसरं ‘ऑर’, आणि बरोबर आलेलं ‘एक्सॉर’. कुठल्या स्थितीत काय होतं याचा तक्ता, वरच्या फळ्यावर सत्यसारणी म्हणून लिहितात तो, हाच. या मुलींना ती पाठ करावी लागणार नाही.

(दृश्य: दुसऱ्या एका शाळेतली अटल टिंकरिंग लॅब. थ्रीडी प्रिंटर चालू.)

नवे मार्गही आहेत. २०१६ पासून शाळांमध्ये अटल टिंकरिंग लॅब, म्हणजे स्वतः वस्तू बनवून बघायच्या प्रयोगशाळा, आल्या. सेन्सर, मायक्रोकंट्रोलर, थ्रीडी प्रिंटर, शाळेला २० लाखांपर्यंत अनुदान. मुलं इथे रमतात, ते दिसतंच आहे. प्रिंटरमधून निघालेला ठोकळा काटकोनात आला की नाही, हे बघायला मात्र गुण्याच लागतो.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवीच्या टप्प्यावर कोडिंग ठेवलं, तसे १० दिवस दप्तराविना, स्थानिक कारागिरांकडे शिकायलाही ठेवले. २०२४ मध्ये एनसीईआरटीचं, म्हणजे पाठ्यपुस्तकं काढणाऱ्या राष्ट्रीय संस्थेचं, सहावीचं ‘कौशल बोध’ हे पुस्तक आलं. त्यात सजीवांबरोबरचं काम आहे, यंत्र-साहित्याचं आहे, माणसांच्या सेवेचं आहे. कागदावर व्याप्ती पुरेशी आहे. या शाळेतले सर पुढच्या वर्षी निवृत्त होतात, आणि त्यांच्या जागेची जाहिरात अजून निघालेली नाही.

(दृश्य: सर जॉब हातात घेऊन उजेडाकडे धरतात, मुलाला परत देतात.)

त्या १० दिवसांबद्दल आम्ही त्यांना विचारलं. ते म्हणाले, “दहा दिवसांत कानस धरायला शिकवतो. कड सरळ यायला तिमाही जाते. तेवढे शनिवार मला कोण देणार, ते मुख्याध्यापकांना विचारा.”