पाटावरून उठताना

नागपूरच्या महाल भागातलं जुनं घर. जेवण आटोपलं, बारा वर्षांचा पोरगा पाटावरून उठतोय. आधी एक हात गुडघ्यावर, मग दुसरा, मग भिंतीला टेका. ताटं उचलणारी आई तिथंच थबकते.

"काहून रे, गुडघा दुखते का?"

"नाही वं माय."

त्याला रक्ताचा कर्करोग होता, एएलएल. अडीच वर्षं उपचार चालले, केमो थांबून सहा महिने झालेत. डोक्यावर केस आले, गालांची सूज ओसरली. घरच्यांना वाटलं, सुटलो.

त्या औषधांनीच लेकरू वाचलं, हे आधी सांगायला हवं. पण डेक्सामेथासोन, प्रेडनिसोलोनसारखी स्टेरॉइड्स हाड बांधणाऱ्या पेशींना मंद करतात. पोटात गेलेलं कॅल्शियम अंगी कमी लागतं, लघवीवाटे जास्त जातं. मांड्यांचे स्नायूही गळतात; म्हणून तो हात गुडघ्यावर जातो. व्हिंक्रिस्टिन हे केमोचं औषध नसांवर येतं, पाऊल नीट उचलत नाही, पोर अडखळून पडतं. आणि हे सगळं हाडं भरायच्या ऐन वयात.

खुब्याचं दुखणं तर फसवं. स्टेरॉइड्समुळे कधीकधी खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठा तुटतो. दहा वर्षांपुढच्या मुलांना हा धोका जास्त. बिघडतो खुबा, पण मूल हात ठेवतं गुडघ्यावर. सुरुवातीला एक्स-रेत काहीच दिसत नाही, एमआरआयमध्ये कळतं. तेव्हा आईबाबांनो, 'वाढीचं दुखणं आहे' म्हणून तेल चोळत बसू नका. मूल लंगडलं, रात्री दुखून उठलं, पाठ धरून बसलं, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता कॅन्सरच्या डॉक्टरांना दाखवा. आजार उलटलाय का, हेही तेच तपासतील.

या पोराचा एमआरआय चांगला आला. ड जीवनसत्त्व मात्र फार कमी निघालं. पंचेचाळीस अंशांच्या नागपुरात! पण त्यात नवल नाही: ऊन लागेल, पडेल, कोणाचा सर्दी-ताप लागेल, म्हणून तो दोन वर्षं दवाखाना सोडून घराबाहेर पडलाच नव्हता. त्या मायेला दोष कसा द्यायचा? पण हाडावर भार पडला तरच हाड घट्ट होतं.

आता डॉक्टरांनी ठरवून दिलेला डोस सुरू आहे. रोज दूध, दही, भाकरीवर तिळाची चटणी.

सकाळचे सात. रेशीमबागेच्या मैदानावर तो बाबांसोबत चालतोय. फिजिओथेरपिस्टनं शिकवल्याप्रमाणे दहा पावलं टाचांवर, दहा चवड्यांवर. पलीकडे पोरांचं क्रिकेट रंगलंय. चेंडू घरंगळत त्याच्या पायाशी येतो. तो वाकतो, चेंडू उचलतो, आणि हात गुडघ्यावर न टेकता उभा राहतो.