फॉस्फेटवर फोडलेले खापर

अध्यक्ष महोदय आणि श्रोतेहो, निमंत्रणपत्रिकेवर ‘घरच्या तरणतलावाचे जलरसायन’ असा भारदस्त विषय छापला आहे आणि मी त्याकडे वळणारच आहे. परंतु नागपुरात ज्यांच्या बंगल्यात तलाव आहे अशा बऱ्याच मंडळींना सध्या फॉस्फेटने पछाडलेले असल्यामुळे, म्हणजे पाणी हिरवे झाले की ती सारा दोष फॉस्फेट या पोषकद्रव्यालाच देत असल्यामुळे, आधी त्या बिचाऱ्याचे वकीलपत्र घेणे मला भाग आहे.

फॉस्फेटवर शेवाळ पोसते, याबद्दल वाद नाही. कॅनडातील ऑन्टारियो प्रांतात १९७३ साली डेव्हिड शिंडलर यांनी एका तळ्यात मधोमध पडदा ताणला, दोन्ही बाजूंना कार्बन व नायट्रोजन सोडले आणि फॉस्फरस मात्र एकाच बाजूला. तीच बाजू हिरवीगार झाली. आपल्या अंबाझरी तलावात जलपर्णी माजते, तीही सांडपाण्यातल्या अशाच पोषकद्रव्यांवर. फरक इतकाच की अंबाझरीत कोणी क्लोरीन टाकत नाही, तुमच्या तलावात टाकतात, आणि ते पुरेसे असले की फॉस्फेट असूनही शेवाळ वाढत नाही. फॉस्फेटवरची औषधे विकणारे विक्रेते नेमके हेच सांगायला विसरतात.

माझ्या एका स्नेह्यांच्या तलावाचे पाणी ऐन नवतप्यात हिरवे झाले. विक्रेत्याने काचेच्या नळीत पाणी घेऊन त्यात थेंब टाकले, नळी गडद निळी झाली, आणि शस्त्रक्रियेची तारीख सुचवणाऱ्या डॉक्टरांच्या स्वरात तो म्हणाला, “दोन हजार पीपीबी.” दोन हजार पीपीबी म्हणजे लिटरला २ मिलिग्रॅम, पण तसे सांगितले असते तर त्याची फॉस्फेट काढणारी बाटली खपली नसती. त्या बाटलीतले लँथॅनम क्लोराइड फॉस्फेटला धरून न विरघळणारी भुकटी बनवते. त्यामुळे पाणी दुधाळ झाले, वाळूच्या फिल्टरवरचा दाबाचा काटा चढला, बॅकवॉशमागून बॅकवॉश झाले (म्हणजे फिल्टर उलट्या प्रवाहाने धुऊन ते पाणी सोडून देणे) आणि मे महिन्यात टँकर बोलवावा लागला. हिरवळीला डीएपी हे फॉस्फेटयुक्त खत देणाऱ्या माळीबुवांना मात्र कोणी काही विचारले नाही. पन्नास हजार लिटरच्या तलावात १०० ग्रॅम डीएपी वाहून आली, तर फॉस्फेट हजार पीपीबीहून अधिक वाढते. पुढच्या आठवड्यात पाणी पुन्हा हिरवे झाले, आणि विक्रेत्याने दुसरी, मोठी बाटली सुचवली!

मी सायन्युरिक आम्ल, म्हणजे क्लोरीनला उन्हापासून वाचवणारे द्रव्य, तपासले. या तपासणीत पाणी गढूळ होते आणि नळीत ओतत असताना तळाचा काळा ठिपका दिसेनासा झाला की आकडा वाचायचा असतो. येथे तो इतक्या लवकर झाकला गेला की आम्ल लिटरला १०० मिलिग्रॅमच्या वर असल्याचे उघड झाले. हे आम्ल आले टीसीसीएच्या, म्हणजे क्लोरीन आणि हेच आम्ल एकत्र असलेल्या, गोळ्यांतून. दररोज लिटरला २ मिलिग्रॅम क्लोरीन या गोळ्यांतून दिले, तर महिन्याभरात सुमारे ३६ मिलिग्रॅम सायन्युरिक आम्ल साचते. थोडे आम्ल हवेच, कारण त्याशिवाय आपल्या उन्हात दुपारचे निम्मे क्लोरीन तासाभरात उडून जाते. पण ते वाढले की क्लोरीनला बांधून ठेवते. मुक्त क्लोरीन, म्हणजे पाण्यात अजून खर्ची न पडलेले क्लोरीन, आम्लाच्या साधारण साडेसात टक्के असावे, म्हणजे आम्ल ४० असेल तर ३ आणि १०० असेल तर साडेसात. स्नेही २ ठेवून निश्चिंत होते. हे आम्ल वाफेबरोबर जात नाही. कूलरच्या जाळीवर क्षारांचा पांढरा थर राहतो, तसेच तेही मागे उरते. पाणी काढून नवे भरणे हाच त्यावर उपाय.

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे, तेव्हा पत्रिकेवरचा विषय आता पळतच आटोपतो. सामू (पीएच) ७.२ ते ७.८, आणि लिटरला मिलिग्रॅममध्ये क्षारता ८० ते १२०, कॅल्शियम कठिणता २०० ते ४०० व सायन्युरिक आम्ल ३० ते ५० ठेवावे. आधी क्षारता खाण्याच्या सोड्याने सावरावी, मग सामू पाहावा; तो उतरवताना हायड्रोक्लोरिकसारखे आम्ल पाण्यात ओतावे, पाणी आम्लात कधीही नाही. ब्लीचिंग पावडरने कॅल्शियम वाढते, म्हणून बोअरचे कठीण पाणी भरणाऱ्यांनी द्रवरूप सोडियम हायपोक्लोराइट वापरावे. गोळ्या आणि ब्लीचिंग पावडर एका डब्यात मुळीच ठेवू नयेत, कारण त्यांच्या मिश्रणाने आग लागते व स्फोटही होतो.

आता लँथॅनमची बाटली. क्लोरीन जागेवर आले, पाणी नितळ झाले आणि तरीही तुम्हाला उन्हाळ्यात पंधरवडाभर गावाला जायचे असेल, तर ती खुशाल वापरा. मात्र त्याआधी माळीबुवांना डीएपीचे पोते दुसरीकडे हलवायला सांगा.