मणी सुरकुततो तेव्हा

पिंपळगाव बसवंतच्या बाजूची बेदाण्याची शेड. खालच्या जाळीवरचे थॉमसन जातीच्या द्राक्षांचे मणी काल-परवाच पसरलेत, अजून टपोरे आहेत. वरच्या जाळीवरचे आठ दिवसांचे. ते आक्रसलेत, देठाशी सुरकुत्या पडल्यात. या वरच्यांना इंग्रजीत म्हणायचं 'श्रिव्हल्ड'.

'श्रिव्हल' म्हणजे सुकणे, असं पाठ केलं की घोळ होतो. दोरीवरचा सदराही सुकतो, पण तो श्रिव्हल होत नाही. या क्रियापदात पाणी जाणं आणि अंग चुरमडणं, दोन्ही एकदम येतं. मण्यातलं पाणी जातं, गर आकसतो, साल मात्र तेवढीच राहते. मग ती दुमडते. म्हणून श्रिव्हल व्हायला साल, पान, कातडी असं काहीतरी लागतं.

2016 च्या एप्रिलमध्ये नाशिकला गोदावरीतलं रामकुंड कोरडं पडलं होतं. तिथे चालेल 'ड्राय अप'. फुलबाजारात संध्याकाळपर्यंत माना टाकणाऱ्या शेवंतीसाठी 'विदर', म्हणजे आपलं कोमेजणं. विदर हा मुळात हवामानाच्या 'वेदर'चाच भाऊ.

आता पुन्हा शेडमध्ये. गोडी 22 ब्रिक्सच्या (रसातली साखर मोजायचं माप) वर गेल्याशिवाय घड तोडत नाहीत. कच्च्या मण्यात साखर कमी, वाळल्यावर नुसती साल हाती येते. 100 लिटर पाण्यात अडीच किलो पोटॅशियम कार्बोनेट आणि दीड लिटर डिपिंग ऑइल, म्हणजे घड बुडवायचं खास तेल, घालतात. त्यात घड दोन ते चार मिनिटं बुडवून काढतात. सालीवरच्या मेणाच्या थराला त्यामुळे बारीक वाटा पडतात आणि पाणी बाहेर येतं. हे केलं नाही तर मणी फार सावकाश वाळतो आणि तपकिरी पडतो. सावलीत, खेळत्या हवेत 12 ते 15 दिवस लागतात. मध्येच अवकाळी आला की हवा दमट होते, मणी चिकट होऊन बुरशी धरतात. सगळं नीट झालं तर चार किलो द्राक्षांचा साधारण एक किलो बेदाणा.

वापराचं थोडं. 'द ग्रेप्स श्रिव्हल्ड', द्राक्षं सुरकुतली. 'द हीट श्रिव्हल्ड द लीव्हज', उन्हानं पानं चुरमडवली. म्हणजे क्रियापद दोन्हीकडे चालतं. मागे 'अप' जोडला तरी अर्थ तोच, जरा जोर वाढतो. 'एड' लावताना ब्रिटिश शेवटचा एल दोनदा लिहितात, अमेरिकन एकदाच. 'श्रिव्हल' नफा, उत्साह यांनाही लावतात, तिथे मराठीत 'आटला' म्हटलेलं बरं.

आणि हाच बेदाणा रात्री पाण्यात टाकला, सकाळी फुगला, तर त्याला शब्द 'प्लंप अप'.